अंजनाचा रिपोर्ट

संपादकसाहेबांचं पत्र आलं. ‘आपण जंगलखात्यात आयुष्य काढलंत, तेव्हा आमच्या दिवाळी अंकासाठी वाघाच्या दोन-चार हकिकती लिहून पाठवा.’ आता अडचण अशी, की सबंध नोकरीत मला वाघ एकदाच भेटला. मेडशीकडच्या जंगलात, नाल्याच्या पलीकडच्या काठावर. त्यानं माझ्याकडे पाहिलं, मी त्याच्याकडे पाहिलं, आणि दोघांनाही घाई असल्यामुळे पुढे काही बोलणं झालं नाही. एवढ्यावर पानं भरत नाहीत. वाघाऐवजी गवताची हकिकत चालेल का, असं मी उलट टपालानं विचारलं. उत्तर आलं नाही, म्हणजे चालत असावं असं धरून लिहायला बसलो आहे.

मी नाकेदार होतो. नाकेदार म्हणजे जंगलखात्यातला सर्वांत खालचा आणि सर्वांत जास्त चालणारा माणूस. त्याच्यावर रेंजरसाहेब, रेंजरसाहेबांवर बडे साहेब, आणि त्यांच्याही वर कोण असतं ते मला कधी दिसलं नाही. लोकांना वाटायचं, नाकेदाराचं काम म्हणजे मोळीवाल्या बायांना हटकायचं आणि दुसऱ्याची गुरं कोंडवाड्यात घालायची. तेही केलं, नाही म्हणत नाही. पण माझ्या वाट्याला उलटंच काम जास्त आलं. उघड्या पडलेल्या जमिनीवर, तिथलीच जुनी झाडं पुन्हा उभी करायची.

आमचं घर माळ्याचं. वाशीमच्या शिवेला वांग्या-मेथीचे वाफे होते. नोकरी लागली तेव्हा वडिलांना मी कामाचं स्वरूप समजावून सांगितलं. त्यांनी खुरपं खाली ठेवलं आणि शांतपणे विचारलं, “म्हन्जे बी पेराचं, पानी द्याचं नाही, खत द्याचं नाही, अन् उगवलं नाही तरी पगार सुरूच? लेका, अशी शेती मले काहून नाही भेटली?”

बाहेरच्या माणसासाठी थोडं सांगतो. बागेत झाड लावणं सोपं असतं, कारण बागेत विहीर असते आणि माळी असतो. माळावर दोन्ही नसतात. तिथे रोप नेलं तर त्याला पाणी घालायला कोण चढणार? म्हणून बी पेरायचं. त्याआधी उताराला आडवे चर खणायचे, म्हणजे पावसाचं पाणी धावत सुटत नाही, घटकाभर थांबतं. चराच्या काठाची माती भुसभुशीत असते, तिच्यात बी टोचायचं. गुरं बाहेर ठेवायची. मग वाट पाहायची. यातलं शेवटचं काम सर्वांत अवघड, आणि नेमकं त्याचंच शिक्षण खात्यात कुणी देत नसे.

ही हकिकत बोडख्या माळाची आहे. जऊळक्याच्या अलीकडे, मालेगावच्या रस्त्याला लागून एक लांबट टेकडी आहे. म्हातारी माणसं सांगायची, की एके काळी तिथे धावडा, सालई, तेंदू इतका दाट होता की बाया दिवसाही एकट्या आत जात नसत. मग कापसाचे जिन, म्हणजे सरकी काढायचे कारखाने, आले, त्यांच्या भट्ट्यांना लाकूड लागलं, आणि टेकडीचं जे काही उभं होतं ते गाड्या भरून गेलं. मागे राहिलेलं बायांनी सरपणाला नेलं, त्याच्याही मागे राहिलेलं बकऱ्यांनी खाल्लं. मी गेलो तेव्हा माळावर दगड होते, आणि मागच्या हौशी साहेबांनी लावलेल्या पाट्या होत्या. त्या साहेबांनी कुठून कुठून विलायती रोपं मागवली होती, सुरू काय, निलगिरी काय. प्रत्येक रोपाशेजारी टिनाची पाटी, पाटीवर इंग्रजी नाव. रोपांनी पहिलाच वऱ्हाडी उन्हाळा पाहिला आणि राम म्हटलं. पाट्या मात्र छान टिकल्या.

“रोपाले सोडून पाट्याइले पानी देल्लं असतं,” सोनाजी मला पहिल्याच दिवशी म्हणाला, “तं त्याइले तरी पालवी फुटली असती.”

सोनाजी म्हणजे माळाच्या पायथ्याचा मळेकरी. वांगी, मिरची आणि सांबार पिकवायचा. सांबार म्हणजे कोथिंबीर, पुण्याकडच्या वाचकांनी घाबरू नये. बैलगाडीत माल घालून मालेगावच्या बाजाराला न्यायचा आणि वाटेत भेटेल त्याची टिंगल करायचा. त्याच्याजवळ एवढा एकच तुकडा होता आणि त्यात एकच विहीर. त्याच्या बापाच्या वेळी तिच्यावर दोन मोटा दिवसभर चालत. मी गेलो तेव्हा एकच मोट होती, आणि तीही दुपारपर्यंत.

त्याचा एक नेम होता. रोज सकाळी विहिरीच्या काठावर उभं राहून तो एक खडा आत सोडायचा आणि भरभर मोजायचा, एक, दोन, तीन. खडा पाण्यात पडल्याचा आवाज आला की थांबायचा. आकडा जितका मोठा तितकं पाणी खोल.

“आज पाच,” तो मला म्हणाला. “काल साडेचार होते.”

“साडेचार कसे मोजता, सोनाजीभाऊ?”

“तुमी रिपोर्ट लिवता ना, तसेच.”

त्याच सुमारास मालेगावचा रस्ता पक्का करायचं ठरलं. रस्त्याला गिट्टी, म्हणजे खडी, लागते. ठेकेदाराची नजर बोडख्या माळावर गेली. रस्त्याला लागूनच टेकडी, वर झाड नाही की झुडूप नाही, फोडायला याहून सोयीची कुठली? त्यानं अर्ज केला. माळ खात्याचा होता, म्हणून अर्ज आमच्याकडे आला. रेंजरसाहेब पुण्याकडचे, हळू बोलणारे, भला माणूस. त्यांनी मला बोलावून सांगितलं, “मी बड्या साहेबांकडून तीन पावसाळे मागून घेतले आहेत. तिसऱ्या पावसाळ्यानंतर त्यांना दाखवण्यासारखं जंगल माळावर दिसलं, तर माळ राहील. नाहीतर गिट्टी.”

सोनाजीच्या विहिरीचा झरा माळाच्या पोटातून येत होता. सुरुंग लागले की तो झरा कुठे जाईल, हे सांगायला ज्योतिषी नको होता. मी त्याला सगळं सांगितलं. त्यानं मिरचीच्या वाफ्याकडे पाहिलं.

“म्हन्जे माह्यी इहीर तुमच्या हातात हाये का, नाकेदार?”

“माझ्या नाही, बियाच्या.”

“बी कोन पेरनार?”

“मी.”

“मंग मेलो,” सोनाजी म्हणाला, आणि मोट हाणायला निघून गेला.

दिवाळीनंतर रेंजरसाहेबांची चिठ्ठी आली. ‘बोडखा माळाकरिता अंजनाचे बी पुरेसे जमवून ठेवावे.’ एवढंच. या एका ओळीनं पुढचे तीन पावसाळे घडवले, म्हणून नीट सांगतो. मी माळ्याचा मुलगा, घरी दोन म्हशी. आमच्या तोंडी अंजन म्हणजे गवत. ठोंबानं वाढतं, तुऱ्याला मऊ लव असते, जनावर चवीनं खातं. त्याचं बी दिवाळीच्या सुमारास पिकतं, आणि चिठ्ठीही दिवाळीनंतरच आलेली. सगळं असं जुळलेलं असताना शंका यायची कुठून? अंजन नावाचं एक झाडही असतं, त्याच्या लाकडावर कुऱ्हाड बोथट होते, हे मी ऐकून होतो. पण ऐकलेलं सगळं वेळेवर आठवत असतं तर मी नाकेदार कशाला, रेंजरच झालो असतो.

गावातल्या चार बाया घेऊन मी बांधाबांधानं गवताचं बी ओरबाडलं. पोती टम्म फुगली, आणि उचलली तर वजन काहीच नाही. सोनाजीनं एक पोतं एका हातानं उचलून पाहिलं. “वारा भरून राह्यले का?” त्यानं विचारलं. पावसाच्या तोंडाशी ते बी ओल्या मातीत कालवून चरांच्या काठानं टाकलं. सुटं टाकलं असतं तर वाऱ्यानं थेट मालेगावला गेलं असतं.

पाऊस चांगला झाला आणि बी असं उगवलं की मलाच माझा अभिमान वाटायला लागला. नदी-नाले भरलेले असल्यामुळे रेंजरसाहेबांना येता येत नव्हतं. त्यांनी माणसाहाती विचारलं, ‘अंजन उगवले काय? कितपत?’ मी कळवलं, ‘उगवले. दाट आहे. घोट्याइतके झाले.’ आता अंजनाचं झाड म्हणजे मोठं मानी. पेरलेल्यातलं थोडं उगवतं, उगवलेल्यातलं थोडं जगतं. ते पहिल्याच पावसात दाट उगवलं आणि घोट्याइतकं झालं, हे साहेबांनी नोकरीत पहिल्यांदाच ऐकलं. आनंदाच्या भरात त्यांनी इंग्रजीत रिपोर्ट लिहून वर पाठवला. बड्या साहेबांचं उत्तर आलं, की असं अंजन पाहायला तिसऱ्या वर्षी ते जातीनं येतील.

आश्विनात पाणी ओसरल्यावर रेंजरसाहेब माळावर आले. मी त्यांना ऐटीत वर नेलं. गवत आता गुडघ्याला लागत होतं आणि वाऱ्यानं एका बाजूला लवत होतं.

“छान,” साहेब म्हणाले. “आणि अंजन?”

“हेच, साहेब.”

“गवताच्या खाली?”

“नाही साहेब. गवत म्हणजेच. अंजन गवत.”

साहेब एका दगडावर बसले. रागावले नाहीत, त्यामुळे मला जास्त भीती वाटली. खाली येऊन सोनाजीच्या बांधावर त्यांनी पाणी मागितलं. सोनाजीनं लोटा पुढे केला आणि म्हणाला, “साहेब, घोट घोट प्या. झिरा बारीक हाये.”

“रिपोर्ट दुरुस्त करून पाठवता येणार नाही का, साहेब?” मी विचारलं.

“एकदा वर गेलेलं इंग्रजी खाली येत नाही,” साहेब म्हणाले. “आता एकच उपाय. दोन पावसाळे आहेत. झाडाचं बी शोधून आण, आणि या गवतात अंजन उभा कर.”

सांगणं सोपं होतं. त्या बाजूला अंजनाचं झाड कुणी पाहिलेलं नव्हतं. जिनांच्या भट्ट्यांनी त्याचा वंश ठेवला नव्हता. इथे मला बकऱ्यावाल्या येमनाबाईची आठवण काढली पाहिजे.

येमनाबाई आणि मी जुने वैरी. तिच्या बकऱ्या माळावर चढायच्या आणि मी त्या कोंडवाड्यात घालायचो. ती सोडवून न्यायची आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा चढवायची. त्या हिवाळ्यात मी तिला माळाखाली गाठलं आणि चांगलं सुनावलं, की तुझ्या बकऱ्यांमुळे इथे काही उगवत नाही.

तिनं काठी खांद्यावर टाकली. “तुमी पेरता थे उगवत नाही, नाकेदार. माह्या बकऱ्या हागते थे उगवते. येऊन पाहा.”

रागानं गेलो, आणि पाहतो तर खरंच. तिच्या बकऱ्यांच्या वाड्यामागे बाभळीची रोपं दाटीनं आलेली. बाभळीच्या बियाचं कवच इतकं टणक असतं, की आम्ही ते गरम पाण्यात भिजवायचो, शेणात मुरवायचो, तरी निम्मं झोपूनच राहायचं. बकरी शेंगा खाते, रात्रभर रवंथ करते आणि बी थुंकून नाहीतर लेंडीतून टाकते, आणि ते बी पहिल्या पावसात जागं होतं. खात्यानं मला शिकवलं नव्हतं ते बकऱ्या करत होत्या. मी तिच्या वाड्यातलं बी गोळा करून माळाच्या खालच्या अंगाला पेरलं. ज्यांना कोंडवाड्यात घालत होतो त्यांच्या उष्ट्यावर नोकरी करायची वेळ आली, हे मी घरी सांगितलं नाही.

तिलाच विचारलं, अंजनाचं झाड कुठे पाहिलंस का. ती म्हणाली, “आप्ट्यावानी जोडपान, पन बारीक? लाकूड काटता काटत नाही थे? हाये ना एक. मेडशीच्या अंगाले, नाल्याच्या कड्यावर. तिथं कुराड पोचत नाही म्हनून वाचलं.”

वैशाखात तिनं मला तिथं नेलं. अंजन दर वर्षी बी देत नाही, चार-चार वर्षं नुसताच उभा राहतो. त्या वर्षी त्यानं दिलं. चपट्या पापुद्र्यासारख्या शेंगा, प्रत्येकीच्या टोकाला एकच बी, वारा आला की भिरभिरत खाली. मी आणि येमनाबाई दिवसभर कड्याखाली वेचत होतो. वाघ मला भेटला तो हाच नाला, पण त्या दिवशी मी वर पाहिलंच नाही.

दुसऱ्या पावसाळ्यात ते बी गवताच्या ठोंबांमधून टोचलं. आणि इथे माझ्या चुकीनं मला पहिल्यांदा हात दिला. गवतानं माती धरून ठेवली होती. एरवी पहिल्या सरीत धुऊन गेलं असतं ते बी जागेवर राहिलं. श्रावणात जोडपानं दिसायला लागली. बोटाएवढी रोपं, पण अंजनाची. मी ती रोज मोजायचो. सोनाजी खालून ओरडून विचारायचा, “नाकेदार, आज किती मेले?”

मग पोळा आला. आमच्याकडे पोळ्याच्या आदल्या दिवशी बैलांना जेवायचं आवतन देतात, आणि पोळ्याला दारापाशी पळसाच्या फांद्या उभ्या करतात. माळ राखल्यामुळे पळसाच्या जुन्या खोडांना तिथे नवे धुमारे फुटले होते, आणि गावाला ते दिसत होते. पळस तोडला तरी पुन्हा फुटतो, त्याची चिंता नव्हती. चिंता होती पायांची. सगळा गाव फांद्यांसाठी माळावर चढला असता तर बोटाएवढ्या रोपांचं काय राहिलं असतं? देवाच्या कामाला अडवायचं तर गाव विरुद्ध जाणार. मग मी आदल्या दिवशी लांबच्या नाल्यावरून पळस तोडून आणला आणि खाकी कपड्यांत, डोक्यावर भारा घेऊन घरोघर फांद्या वाटत फिरलो. सरकारी माणूस दारात फांद्या घेऊन आलेला त्या गावानं पहिल्यांदाच पाहिला. एका म्हातारीनं फांदी घेतली आणि विचारलं, “नाकेदार, बैलाइले जेवाचं आवतनही तुमीच देता का?” माळावर मात्र कुणी चढलं नाही.

उन्हाळा आला आणि माझी हिंमत गेली. रोपं वाळली. आधी पानं गेली, मग काडी काळी पडली, मग काडीही मोडून गेली. चैत्रात माळावर सुकलेलं गवत आणि मागच्या साहेबांच्या पाट्या, एवढंच राहिलं. मी सोनाजीच्या बांधावर जाऊन बसलो आणि म्हणालो, “सोनाजीभाऊ, गेलं सगळं.” त्या दिवशी मला खरंच रडू आलं. माझी नोकरी गेली असती तर वडिलांचे वाफे होते. सोनाजीला दुसरं काही नव्हतं.

सोनाजीनं टिंगल केली नाही. सब्बल, म्हणजे पहार, उचलली आणि माळावर निघाला. वांग्याचं रोप मान टाकतं तेव्हा तो वर पाहत नसे, उकरून मूळ पाहत असे, त्याच सवयीनं त्यानं एका मेलेल्या काडीपाशी उकरायला सुरुवात केली. मूळ खाली जात होतं. तो उकरत गेला, त्याचं कोपर आत गेलं, मग खांदा आत गेला. मुरुमाच्या फटीतून मूळ खाली जातच होतं, आणि नखानं खरवडलं तर आत ओलं होतं.

“मेलं नाही,” सोनाजी पालथा पडल्या पडल्याच म्हणाला. “थे खाली वाढून राह्यलं. आमीच वर पाहून राह्यलो.”

तिसऱ्या पावसात त्याच जागी पुन्हा धुमारे आले. पण वाढ किती? वीतभर. कार्तिकात बडे साहेब आले तेव्हा माळ कमरेइतक्या सोनेरी गवतानं भरलेला होता, कडेला बाभळी हलत होत्या, आणि अंजन शोधायला वाकावं लागत होतं. बड्या साहेबांसोबत ठेकेदार होता, स्वच्छ धोतर-कोटात. रेंजरसाहेबांनी मला सकाळीच सांगितलं होतं, “तू बोलायचं नाहीस.” सोनाजीला कुणी काही सांगितलं नव्हतं, आणि बोलावलंही नव्हतं. तो सब्बल घेऊन मागे मागे येत होता.

बड्या साहेबांनी जुना रिपोर्ट सोबत आणला होता. ते मोडक्या हिंदीत म्हणाले, “पहले दो महीने में घोटे तक. तो तीन साल में?” त्यांनी हिशेब केला असावा, कारण ते झाडं पाहायला मान वर करून उभे होते. वर आभाळ होतं.

रेंजरसाहेबांनी खाली बोट दाखवलं. बडे साहेब वाकले. वीतभर रोप पाहून सरळ झाले आणि पुन्हा रिपोर्टाकडे पाहिलं. रेंजरसाहेबांच्या कपाळावर घाम आला. मला ते पाहवेना.

“साब,” मी म्हणालो, “रिपोर्ट में जो था वो घास था. गलती मेरी है.”

ठेकेदार नम्रपणे हसला. “हुजूर, घास तर गिट्टी काढल्यावरही उगवेल.”

एवढ्यात मागे सब्बलीचा आवाज आला. सोनाजीनं विचारायची वाट पाहिली नव्हती. मी एक एक रोप मोजून जपलेलं, त्यातलंच एक तो उकरत होता. मी धावलो, पण त्यानं मला हातानं मागे सारलं. “एक जाऊ द्या, नाकेदार. बाकीचे वाचतीन.” मुळाच्या बाजूनं त्यानं माती काढली, खांद्यापर्यंत हात घातला आणि बड्या साहेबांना म्हणाला, “साहेब, वरून काय पाहून राह्यले? इथं हात घाला.”

रेंजरसाहेबांनी भीत भीत इंग्रजी केलं. बड्या साहेबांनी टोपी काढली, गवतात पालथे पडले आणि खड्ड्यात हात घातला. बराच वेळ चाचपत होते. उठले तेव्हा बाही मातीनं भरली होती आणि पाटलोणीवर मांडीपर्यंत गवताचं लवदार बी चिकटलं होतं. ते एक एक बी वेचायला लागले. वेचता वेचता वैतागून त्यांनी विचारलं, “ये कौन सी घास है?”

रेंजरसाहेब अगदी बारीक आवाजात म्हणाले, “अंजन, सर.”

बड्या साहेबांनी हातातल्या बियाकडे पाहिलं, खड्ड्याकडे पाहिलं, रिपोर्टाकडे पाहिलं. मग ते हसायला लागले, आणि साहेब हसतात म्हटल्यावर ठेकेदारालाही हसावं लागलं. कशाला ते त्याला शेवटपर्यंत कळलं नाही. माळ राहिला. गिट्टी दुसरीकडच्या उघड्या खडकातून आली. माझ्या नोकरीच्या कागदात मात्र एक शेरा पडला, तो सेवानिवृत्तीपर्यंत पुसला गेला नाही. ‘अंजन व अंजन यांतील भेद न समजल्याबद्दल ताकीद. माळ चांगला राखल्याबद्दल समाधान.’

इथे हकिकत संपवली असती तर मी शहाणा ठरलो असतो. पण दोन गोष्टी राहिल्या. एक येमनाबाईची. मी तिला तोंडभरून सांगितलं होतं, की तीन पावसाळे कळ काढ, मग तुझ्या बकऱ्यांना खालची बाजू मोकळी करून देतो. खात्यानं माळ एकदा बंद केला तो बंदच ठेवला. मी दोनदा अर्ज लिहिला, तिसऱ्यांदा लिहिला नाही. तिच्या बकऱ्यांनी बाभळी दिल्या, तिनं अंजन दाखवला, आणि त्याच माळावरून मी तिला हाकलत राहिलो. एका वर्षी ती बकऱ्या घेऊन दुसऱ्या मुलखाला गेली. माझ्याशी बोलून गेली नाही. मला त्याची लाज वाटते.

दुसरी विहिरीची. लोकांना वाटतं झाड लावलं की पाणी आलं. त्या वर्षी सोनाजीचा खडा पाचलाच वाजला. पुढच्या वर्षीही पाच. तो विचारायचा, “नाकेदार, पानी?” मी म्हणायचो, “पुढल्या साली.” खरं तर मला काही माहीत नव्हतं. दर वर्षी मी थाप मारली आणि दर वर्षी त्याला ती कळत होती. मग माझी बदली झाली.

गेल्या चैत्रात, नोकरी संपल्यावर, पोहरादेवीला निघालेल्या भाविकांच्या लॉरीत मला जागा मिळाली. वाटेत उतरायचं म्हणून ड्रायव्हरला सांगितलं, बोडख्या माळापाशी थांब. तो म्हणाला, “थे दाट जंगल हाये, तिथं?” मी म्हटलं, हो, तोच बोडखा.

सोनाजी विहिरीजवळच्या खाटेवर बसला होता. डोळ्यांत मोतीबिंदू पिकून दोन्ही डोळे गेलेले. मी बांधावरून दहा पावलं आलो तोच त्यानं मान वर केली. “नाकेदार. चाल थेच. कुठं जाचं थे मालूम नसल्यावानी.”

त्याचा हात धरून मी त्याला माळावर नेलं. अंजनाला कोवळी पालवी आली होती. मला स्वतःला आवरेना. मी म्हणालो, “सोनाजीभाऊ, काय झाडं झाली आहेत, ताडाएवढी.”

त्यानं हात पुढे करून एक खोड चाचपलं, दोन्ही हातांच्या पंजांत मापलं. “पोटरीएवढं हाये. मले रिपोर्ट नका देऊ.” मग तो तसाच खोडाला धरून उभा राहिला. “एक अंजन तुमचं, एक साहेबाचं. तिसरं वैद्यानं डोयात घालाले देल्लं. दोन कामी आले.”

खाली आलो. विचारू की नको असं माझं चाललं होतं. इतकी वर्षं तो विचारायचा आणि मी थाप मारायचो. शेवटी मीच म्हणालो, “भाऊ, पाणी?”

चैत्र होता, विहिरी तळाला जायचे दिवस. सोनाजीनं खाटेखाली हात घालून एक खडा काढला आणि माझ्या हातावर ठेवला. मी काठावर गेलो, खडा सोडला आणि मोजायला तोंड उघडलं. एक म्हणून व्हायच्या आत डुबुक असा आवाज आला.

“आता लिवा रिपोर्ट,” सोनाजी म्हणाला.

संपादकसाहेब, तो हा आहे.